मावशीच्या ओळखीचा माणूस

रोज सकाळी विश्वंभर मोताळे यांनी रुळांच्या मधोमध येऊन बसावं, रेल्वेने त्यांना उचलून बाजूला ठेवावं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा येऊन बसावं, असा दोन्ही पक्षांच्या सोयीचा रिवाज टेंभुर्दरा रोडला पडून गेला होता. या स्टेशनापासून टेंभुर्दरा गाव पाच किलोमीटरवर आहे. नावात 'रोड' असलेल्या स्टेशनावर उतरणाऱ्याने पायांत चप्पल चांगली घालावी, हे मराठवाड्यात सांगावं लागत नाही.

मोताळे यांना सगळे नाना म्हणत. तरुणपणी त्यांनी चाळीस माणसं घेऊन याच रुळांवर ठिय्या दिला होता आणि मन्याड एक्सप्रेसला इथे दोन मिनिटांचा थांबा मिळवला होता. त्या दोन मिनिटांत गावाने पुष्कळ काही केलं. भाजी शहरात गेली, म्हातारे डॉक्टरकडे गेले, आणि पोरी कॉलेजात गेल्या. नानांची मुलगी ऋतुजा त्याच गाडीने जाऊन इंजिनिअर झाली आणि रेल्वेतच नोकरीला लागली. पुढे नवे रूळ आले, गाडीचा वेग दुप्पट झाला, आणि एवढ्या वेगाच्या गाडीने टेंभुर्दरा रोडला थांबणं तिच्या प्रतिष्ठेला शोभत नाही असं कोणाच्या तरी लक्षात आलं. थांबा गेला. त्या वर्षी गावातल्या तीन मुलींनी कॉलेज सोडलं. नानांनी संघर्ष समितीची बैठक बोलावली, तेव्हा कळलं की काही सदस्य वारले आहेत आणि काही पुण्याला गेले आहेत. समितीच्या दृष्टीने दोन्हींत फारसा फरक नव्हता. नाना एकटेच जाऊन बसले.

आणि मग मावशी आली.

मावशीचं खरं नाव 'स्वयंचलित मार्गमोचन यान'. ते उद्‌घाटनाच्या कोनशिलेवर आहे आणि तिथेच राहिलं. रूळ सांभाळणाऱ्या गँगने तिला पहिल्यांदा काम करताना पाहिलं, तेव्हा रुळावर एक दारुडा झोपला होता. यंत्राने त्याला मानेखाली आणि गुडघ्यांखाली हात घालून अलगद उचललं, बाजूच्या सपाट जागेवर निजवलं आणि त्याचं डोकं सरळ केलं. गँगचा मुकादम खंडू गवळे म्हणाला, "ही तर सरकारी दवाखान्यातली मावशी. चादर बदलायला अशीच उचलायची मला." तेव्हापासून मावशी.

यंत्र तसं साधं होतं. चार उंच पाय, प्रत्येक पायाच्या तळाशी रुळावर चालणारं चाक, आणि वर टेबलासारखं सपाट धड. धड इतकं उंच की खाली मांडी घालून बसलेला माणूस आरामात मावावा. हात धडाच्या पोटाशी होते. बोटांत लोखंड नव्हतं. रबराच्या लहान लहान पिशव्या आणि त्यांत हवा, सायकलच्या ट्यूबमध्ये असते तशी. फरक एवढाच की प्रत्येक पिशवीतली हवा सेकंदाला शेकडो वेळा कमी-जास्त होई, त्यामुळे पकड वस्तूला लागेल तेवढीच घट्ट बसे. चाचणीत मावशीने एक अंडं आणि एक म्हैस पाठोपाठ उचलून दाखवली होती. दोघांनीही तक्रार केली नाही.

मावशी गाडीच्या पुढे चार मिनिटांच्या अंतराने धावे. प्रकाशकिरणांनी समोरचा मार्ग चाचपून आज इथे काय आहे ते बघायचं, आणि उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने ते जिवंत आहे का ते ठरवायचं. दगड असेल तर ढकलायचा, जनावर असेल तर उचलायचं, माणूस असेल तर उचलून सन्मानाने बसवायचं, आणि मागच्या गाडीला 'मार्ग मोकळा' असं कळवायचं. उचलताना तोल जाऊ नये म्हणून ती वजन घेई, आणि ते जंक्शनच्या नियंत्रण कक्षात पडद्यावर उमटे.

वर्षभरात देशातला रेल रोको संपला. मोठमोठे मोर्चे मावशीपुढे बसले आणि लग्नाच्या पंगतीत पाहुणे मांडावेत तसे एकेक करून कडेला मांडले गेले. लाठी नाही, धरपकड नाही, त्यामुळे पेपरात फोटो नाही. पक्षांनी तो प्रकारच सोडला. नानांनी सोडला नाही. उलट त्यांनी त्यात शिस्त आणली. ठरलेल्या वेळी यायचं, ठरलेल्या स्लीपरवर बसायचं, प्रतिकार करायचा नाही. पुढे पुढे तर मावशी जवळ आली की ते स्वतःच काखा मोकळ्या करत. "मशीनचा काय दोष," ते म्हणत, "आपलं भांडण मंत्रालयाशी हाय."

जंक्शनच्या नियंत्रण कक्षात पडद्यासमोर ऋतुजा मोताळे बसत असे. बापाला रोज उचलणाऱ्या यंत्रावर देखरेख ठेवायची हीच तिची नोकरी होती. ती वरिष्ठांना सांगून दुसरा विभाग मागू शकली असती. तिने मागितला नाही, कारण आई गेल्यापासून नाना फोनवर 'बरं हाय' यापलीकडे काही बोलत नसत, आणि मावशी मात्र रोज सकाळी त्यांचं वजन सांगत असे.

"नाना, रात्री जेवला नाहीत तुम्ही."

"कोण म्हणलं?"

"जेवलात का?"

"कोण चहाड्या करू लालंय तुला? त्या खंडू गवळ्याच्या बायकोनं सांगितलं का?"

"कोणी का सांगेना. आज दोन भाकरी खा."

दुसऱ्या दिवशी आकडा थोडा वर येई. तिला बरं वाटे. बापलेकीत इतका नियमित संवाद पूर्वी कधी झाला नव्हता.

दरम्यान, गँगवाल्यांची तक्रार आली. मावशीला रेल्वेचा माणूस आणि परका माणूस यांतला फरक कळत नव्हता. खंडू गवळे रुळाचा बोल्ट आवळत असताना तिने त्याला पान्यासकट उचलून कडेला ठेवलं होतं. तो परत येऊन आवळू लागला तर पुन्हा उचललं. युनियनने काम बंदची नोटीस दिली. तेव्हा वरच्या संशोधकांनी मावशीला सवयीवरून माणूस ओळखायला शिकवलं. परका माणूस यंत्र पाहून दचकतो, पळतो, त्याची हालचाल विस्कटते. रोजचा माणूस दचकत नाही. तो ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, ठरलेल्या पद्धतीने असतो. असा माणूस वारंवार दिसला की तो आपल्यातला, त्याला उचलायचं नाही. फक्त 'कर्मचारी कामावर, शिटी वाजवावी' असं मागच्या गाडीला कळवायचं. शिटी ऐकली की कर्मचारी आपण होऊन बाजूला होतो. त्याला ते शिकवलेलंच असतं.

सुधारणा उत्तम होती. गँगवाले खूश झाले. नानांचा विचार कोणाच्या मनात आला नाही, ऋतुजाच्याही नाही.

त्या सकाळी मावशी टेंभुर्दरा रोडवरून पुढे गेली आणि पडद्यावर वजन उमटलं नाही.

ऋतुजाला आधी वाटलं, नाना आजारी पडले. तिने फोन लावला. तो पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"आत्ता तुलाच लावणार होतो," नाना म्हणाले. आवाज वीस वर्षांनी लहान झाला होता. "जिंकलो आपण."

"कुठे आहात?"

"कुठं म्हंजे? जाग्यावर. मशीन आली, थांबली, माझ्याकडं बघितलं. मी हात वर केले. तर हात न लावता डोक्यावरून अशी हळूच निघून गेली. कळतं गं यंत्राला बी. माणसालाच कळत नाही."

ऋतुजाने पडद्यावरची ओळ वाचली. 'मार्ग मोकळा. कर्मचारी कामावर. शिटी वाजवावी.'

"नाना, उठा."

"का?"

"तिने तुम्हाला रेल्वेचा माणूस धरलंय. मागून गाडी येतेय आणि ती थांबणार नाही. उठा आधी."

"गाडी थांबणार नाही," नाना शांतपणे म्हणाले, "हे पहिल्या रेल रोकोपासून प्रत्येक अधिकाऱ्यानं मला सांगितलंय. मी बसलेला असताना प्रत्येक वेळी थांबली."

तिने दुसऱ्या हाताने लाल बटण दाबलं. पूर्वी ते दाबलं की गाडी थांबे. पण माणसं घाबरून उगाच दाबतात असं एका अभ्यासात निघाल्यामुळे आता ते दाबलं की वरिष्ठांकडे विनंती जाई. वरिष्ठ म्हणजे सुखटणकर साहेब बैठकीत होते. पडद्यावर आलं, 'आपली विनंती प्राप्त झाली आहे. धन्यवाद.' ड्रायव्हरशी थेट बोलण्याची सोय नव्हती. त्याच्याशी मावशी बोले, आणि ती बोलून पुढे गेली होती. स्टेशनाच्या अलीकडे डोंगर कापून काढलेलं वळण होतं. वळणानंतर समोरचं दिसून, ब्रेक लागून, गाडी थांबेपर्यंत टेंभुर्दरा रोड मागे पडलेलं असे.

"नाना, माझ्यासाठी उठा."

"तुझ्यासाठीच बसलोय की. तुझ्यासारख्या पोरींसाठी." मग त्यांचा आवाज मऊ झाला. "असं कसं उठू, माय? आपण होऊन उठलेला माणूस पुन्हा कधी बसू शकत नाही."

ही अडचण खरी होती. रेल रोकोचा एक नियम आहे, तो कुठे लिहिलेला नाही आणि सगळ्यांना पाठ आहे. बसलेला माणूस आपण होऊन उठत नाही. एक तर त्याला उचलून नेतात, नाहीतर अधिकारी येऊन आश्वासन देतो. आश्वासन पाळलं जात नाही हे दोघांनाही ठाऊक असतं, पण ते मिळाल्याशिवाय उठणं म्हणजे पळून जाणं. नाना आयुष्यात पळाले नव्हते. उचलायला आज मावशीने नकार दिला होता.

ऋतुजा खुर्चीतून उभी राहिली. का ते तिला नंतरही सांगता आलं नाही.

"मोताळे साहेब," ती म्हणाली, "मी रेल्वेची अधिकारी बोलतेय. मी आश्वासन देते."

"तू अधिकारी हायस?"

"कनिष्ठ अभियंता. राजपत्रित नाही, पण अधिकारी आहे."

"मग दे."

"मन्याड एक्सप्रेस उद्यापासून टेंभुर्दरा रोडला थांबेल. उठा."

"छे," नाना म्हणाले. "खोटं बोलू लालीस. कुठला अधिकारी असं बोलतो? 'उद्यापासून'? माझ्या जन्मात ऐकलं नाही."

दूरवर शिटी वाजली. तिला ती फोनमधून ऐकू आली, म्हणजे त्यांना ती केव्हाच ऐकू आली असणार.

ऋतुजाने डोळे मिटले आणि रोज ज्या भाषेत पत्रांना उत्तरं जातात त्या भाषेत, एका दमात बोलली, "आपल्या मागणीची प्रशासनाने गांभीर्याने नोंद घेतली असून, उपलब्ध साधनसामग्री व तांत्रिक बाबी विचारात घेऊन, सदर विषयावर वरिष्ठ पातळीवर सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात येईल."

"केव्हा?"

"यथावकाश."

"हां," नाना म्हणाले. त्या एका अक्षरात मोठं समाधान होतं. "हे अधिकाऱ्याचं बोलणं झालं. आंदोलन तात्पुरतं स्थगित."

मग फोनमध्ये खडीवरून पावलं वाजली, धाप लागली, आणि पाठोपाठ गाडीचा आवाज इतका आला की तिने फोन कानापासून लांब धरला. आवाज बराच वेळ चालला. तो थांबल्यावर फोनमध्ये काहीच नव्हतं.

"नाना?"

"थांबली नाही गं," नाना म्हणाले. आवाज पुन्हा त्यांच्या वयाचा झाला होता. "खरंच थांबली नाही."

त्याच वेळी पडद्यावर उत्तर आलं. 'आपली विनंती विचाराधीन आहे.'

संध्याकाळी ती गावी गेली. नानांनीच पिठलं केलं होतं, भाकऱ्या खंडू गवळ्याच्या घरून आल्या होत्या. तिने त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. सवय, ओळख, शिटी. आपण मरता मरता वाचलो हे त्यांनी खालच्या मानेने ऐकून घेतलं. पण पुढचं त्यांना सोसलं नाही.

"म्हंजे तिनं मला रेल्वेचा नोकर समजलं?"

"कर्मचारी."

"इतकी वर्षं ज्या रेल्वेशी भांडलो, तिच्या मशीननं मला कामाला लावलं." "वेळेवर जायचो, तीच चूक झाली. वेळ पाळणारा माणूस आंदोलक वाटत नाही."

ऋतुजा हसली, पण जेवायला तिने अजून सुरुवात केली नव्हती. नानांनी तिच्या ताटातली भाकरी घेतली, मोडली, पिठल्यात कुस्करून ताट परत सरकवलं. तिच्या आईच्या आजारपणात ते असंच करत.

हात धुतल्यावर ते म्हणाले, "मी आता बसत नाही रुळावर. पण आश्वासन तू दिलंस. ते काही पोरीनं बापाला दिलेलं नव्हतं. अधिकाऱ्यानं समितीला दिलेलं होतं."

"ठाऊक आहे मला."

"समिती पाठपुरावा करील."

दुसऱ्या दिवशी ती सुखटणकर साहेबांसमोर उभी राहिली आणि सवयीवरून माणूस ओळखणं सगळ्या मार्गांवर बंद करावं, असं तिने स्पष्ट सांगितलं. रुळावर कोण बसलं होतं आणि ते आपले कोण, हेही सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हते. काल आपण बैठक सोडली नाही या विचाराने ते घाबरले आणि त्याच दिवशी त्यांनी ती सोय बंद करवली. गँगवाल्यांना गळ्यात अडकवायला बिल्ले मिळाले. मावशी आता माणसाऐवजी बिल्ला ओळखू लागली.

"पण मोताळे, यंत्रात दोष होता असं लिहिता येणार नाही," साहेब म्हणाले. "मावशी चुकत नाही असं आपण संसदेत सांगितलंय."

"मग काय लिहू?"

"टेंभुर्दरा रोडचं स्थानिक वैशिष्ट्य. तिथली माणसं इतरांपेक्षा वेगळी वागतात, त्यामुळे यंत्राचा गैरसमज होऊ शकतो."

"वैशिष्ट्य स्थानिक असेल," ऋतुजा म्हणाली, "तर उपायही स्थानिकच लागेल, सर. बिल्ले सगळीकडे दिले. तिथे वेगळं काय केलं म्हणून विचारतील."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "तुमच्या मनात काय आहे?"

"तिथे मावशीवर विसंबायचं नाही. गाडीने थांबायचं, समोर कोणी नाही हे ड्रायव्हरने स्वतः बघायचं आणि मग निघायचं."

"किती वेळ लागेल बघायला?"

"दोन मिनिटं."

साहेबांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं आणि त्यांच्या निवृत्तीला थोडाच काळ राहिला होता. "याला थांबा म्हणता येणार नाही," ते म्हणाले. "तो विषय मंत्रालयाचा. ही 'तांत्रिक पडताळणी' राहील. वरिष्ठ पातळीवर मी सहानुभूतीपूर्वक मांडतो."

ते मांडलं गेलं आणि, काय योग असतात बघा, मंजूर झालं. वरच्यांना यंत्राची अब्रू जपायची होती आणि दोन मिनिटांत ती स्वस्तात जपली जात होती.

पहिल्या दिवशी ऋतुजा स्वतः टेंभुर्दरा रोडला गेली. फलाटावर बरीच माणसं जमली होती. कॉलेज सोडलेल्या तिघींपैकी दोघी बॅगा लावून आल्या होत्या. तिसरीचं लग्न झालं होतं. खंडू गवळे गळ्यात बिल्ला घालून हार धरून उभा होता. नाना इस्त्रीच्या सदऱ्यात मधोमध होते आणि कोणाशी बोलत नव्हते.

मावशी येऊन गेली. मग वळणावरून मन्याड एक्सप्रेस आली, तिचा वेग पडत गेला, आणि फलाटाला लागून ती थांबली. एवढ्या वर्षांनी थांबली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सगळे दारांकडे बघत होते.

दारं उघडली नाहीत.

काचेआडून प्रवासी फलाटाकडे बघत होते आणि फलाट प्रवाशांकडे. आतल्या एका बाईने हात हलवला. बाहेरच्या पोरीने हलवला. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून समोर कोणी नाही याची खात्री केली, दोन मिनिटं पूर्ण होऊ दिली आणि गाडी काढली. खंडूने हार कुठे घालावा ते न कळून स्टेशनच्या पाटीला घातला.

नाना ऋतुजाकडे वळले. "दारं?"

"हा थांबा नाही नाना, पडताळणी आहे. दारांचा विषय वेगळ्या खात्याकडे आहे."

"त्या खात्याला सांगितलं का?"

"सांगितलंय. त्यांनी नोंद घेतलीय."

"गांभीर्यानं?"

"गांभीर्याने."

नानांनी मान डोलावली. गाडी थांबते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आता राहिलं ते दारांचंच, आणि दारांसाठी रुळावर बसायची गरज नव्हती. त्यांनी आजचा पेपर उलगडून फलाटाच्या कडेपासून चांगला लांब अंथरला आणि मांडी घातली. बॅगा घेतलेल्या दोघी एकमेकींकडे बघून त्यांच्या मागे बसल्या. खंडूने गळ्यातला बिल्ला काढून खिशात टाकला आणि तोही टेकला.

ऋतुजा उभीच होती. नानांनी पेपरचं एक पान सुटं करून शेजारी पसरलं.

"रजा टाकलीस का?" त्यांनी विचारलं.

"टाकलीय."

"अर्धी का पूर्ण?"

"पूर्ण," ती म्हणाली आणि खाली बसली.